तोड आधी कोणाची?



गव्हाणीत मोळी पडली की शेतकी विभागात एकच प्रश्न दिवसातून शंभर वेळा येतो : "साहेब, आमची तोड कधी?" प्रश्न रास्त आहे. वर्ष-दीड वर्ष सांभाळलेला ऊस फडात उभा असला म्हणजे कोणाच्याही जिवाला घोर लागणारच. परंतु ह्या प्रश्नाचे खरे उत्तर लागणीच्या तारखेत असावयास हवे. प्रत्यक्षात ते पुष्कळदा कोणाचा फोन आला त्यावर ठरते. ह्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहावेत असे वाटले. काहींना ते रुचणार नाहीत, त्याला इलाज नाही.

हल्ली मोठ्या कंपन्यांत 'सप्लाय चेन' हा शब्द फार चालतो. कच्चा माल कोठून, केव्हा व किती यावा आणि तो न थांबता यंत्रापर्यंत कसा पोचावा, ह्याची ती साखळी. जपानच्या टोयोटा मोटार कंपनीत तैइची ओनो ह्या अभियंत्याने सुटे भाग साठवून न ठेवता लागतील तेव्हा लागतील तेवढेच आणण्याची पद्धत बसविली. तिचे कौतुक जगभर झाले. मात्र १ फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांना ब्रेकमधील एक लहानसा व्हॉल्व्ह पुरविणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारखान्यास आग लागली. तो भाग मुख्यत्वे तेथूनच येत होता व साठा काही तासांपुरताच होता. टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने काही दिवस बंद पडले. पुढे इतर पुरवठादारांनी तो व्हॉल्व्ह घाईघाईने करून दिला आणि गाडे पुन्हा चालू झाले.

हे सांगण्याचे कारण असे, की टोयोटाला वाटले तर तो व्हॉल्व्ह महिनाभर गोदामात ठेवता येतो. त्याचे वजन घटत नाही, की तो आंबत नाही. आपल्या उसाचे तसे नाही. कोयता लागला की त्या घटकेपासून ऊस वाळू लागतो. आतील साखर फुटून तिची ग्लुकोज व फ्रुक्टोज होऊ लागते, आणि ही साखर पोत्यात येत नाही, मळीत जाते. ऊन वाढले की हा वेग वाढतो. म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असे आपण म्हणतो. जळीत उसाची गत आणखी वाईट. त्याची साल तडकते, आत जंतू शिरतात व डेक्स्ट्रान तयार होऊन रस चिकट होतो. तोड लवकर मिळावी म्हणून फडाला काडी लावणारे सभासद स्वतःचे नुकसान करतातच, शिवाय इतरांचेही करतात. हार्वेस्टरने तोडलेल्या उसाची टिपरी दोन्ही टोकांना उघडी असतात, त्यामुळे तो ऊस तर त्याहून लवकर गव्हाणीत पडावयास हवा.

आता थोडा हिशेब करू. दिवसाला ५००० टन गाळणाऱ्या कारखान्याला तासाला सुमारे २०८ टन ऊस लागतो. एकरी ४० टन धरले तर रोज १२५ एकर रान मोकळे व्हावे लागते. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दीड-दोन टन तोडतो, म्हणजे अडीच-तीन हजार कोयते रोज फडात हवेत. ह्यात कोठेही गाठ बसली तर एक तर गव्हाण रिकामी पडते, नाही तर अड्डा तुंबतो.

गव्हाण रिकामी पडल्याची, म्हणजे 'नो केन'ची, भीती आम्हा सर्वांनाच असते. मिल थांबली तरी बॉयलर तापता ठेवावा लागतो, बगॅस फुकट जळते. ह्या भीतीपोटी बहुतेक कारखाने गरजेपेक्षा जास्त तोड देतात, आणि माझ्या मते खरे दुखणे येथे आहे. अड्ड्यात २५०० टन ऊस उभा असेल तर शेवटच्या गाडीचा नंबर बारा तासांनी लागतो. तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून, कारखान्यावर येईपर्यंत आधीच दहा-बारा तास गेलेले असतात. चोवीस तास असे भरतात, आणि त्यात कोणी कामचुकारपणा केलेला असतोच असे नाही.

तोडणी कामगारांना दोष देण्याची आपल्याकडे सवय आहे. टोळी वेळेवर येत नाही, वाढे नेते, खुशाली मागते. खुशालीचे समर्थन मी करणार नाही. ती बंदच व्हावयास हवी. पण ती येते कोठून, हेही पाहावे. गाडी अड्ड्यात पंधरा तास अडकली म्हणजे ड्रायव्हरची दुसरी खेप बुडाली. गाडी नाही म्हणून टोळी फडात बसून राहिली, तिचा खाडा झाला. बीडकडून बायकापोरांसह आलेल्या माणसाला टनावर पैसे मिळतात, बसून राहण्याचे मिळत नाहीत. ही तूट तो कोठून तरी भरून काढणार, आणि बांधावर उभा असलेला शेतकरी त्याला सगळ्यांत जवळ सापडतो. म्हणून मला वाटते, गाड्यांची रांग जितकी आखूड होईल तितकी खुशालीही कमी होईल. नुसते फलक लावून ती जाणार नाही.

ह्या साखळीत सभासदाचे काय जाते? दोन गोष्टी. वजनाची घट ज्याची त्याला सोसावी लागते, कारण ऊस वाळल्यानंतरच काट्यावर चढतो. उताऱ्याची घट मात्र सर्वांच्या वाट्याला येते, कारण उतारा संबंध कारखान्याचा एकच धरला जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३५५० रुपये एफआरपी ठरली, व त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास टनाला ३४ रुपये ६० पैसे. अर्धा टक्का म्हणजे टनाला १७३ रुपये. दोन एकरांत ८० टन काढणाऱ्या सभासदाला हे १३,८४० रुपये झाले. आणि साडेसात लाख टन गाळप असेल तर नुसत्या ०.१ टक्क्याने साडेसात हजार क्विंटल साखर कमी होते.

तेव्हा एखादा वजनदार सभासद दहा महिन्यांचा कोवळा खोडवा वशिल्याने डिसेंबरात घालवितो आणि त्याच शिवारातील सतरा महिन्यांची आडसाली तुरा येऊन पोकळ पडते, तेव्हा त्याने फक्त नंबर मोडलेला नसतो. कोवळ्या उसात साखर भरलेली नसते व जुन्यातली उतरू लागलेली असते. दोन्हींचा भार सगळ्यांच्या उताऱ्यावर पडतो. ह्यात दहा गुंठेवाला अल्पभूधारकही भरडला जातो, आणि त्याच्याकडे फोन करायला कोणी नसते.

अडचणी असतात, हे मी नाकारीत नाही. घरात लग्न आहे, दवाखाना आहे, विहिरीने तळ गाठला आहे. अशा सभासदास आधी तोड द्यावी, जरूर द्यावी. परंतु ती का दिली हे वहीत लिहावे व चार लोकांना दिसावे. "आमचा शेअर जुना आहे" हे कारण नव्हे. शेअरने प्रत्येकाला मत दिले आहे. त्याने ऊस लवकर पिकत नाही.

माझे म्हणणे असे, की प्रत्येक गट ऑफिसवर व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तोडणी प्रोग्रॅमची पूर्ण यादी लावावी. तीत सभासदाचे नाव, गट नंबर, जात, लागण की खोडवा, लागणीची तारीख, सर्व काही असावे. मोबाईलच्या ग्रुपवरही टाकावी, पण फळा सोडू नये. नंबर बदलला तर यादीवरच कारण लिहावे, मग तो संचालकांच्या सांगण्यावरून बदललेला असो वा माझ्या. तोडणीची चिठ्ठी फाडण्यापूर्वी स्लिपबॉयने रिफ्रॅक्टोमीटरने बुडख्याचा व शेंड्याचा ब्रिक्स पाहावा. दोहोंत फार अंतर नसेल तर ऊस पक्व समजावा. आणि अड्ड्यात किती ऊस उभा राहू द्यावयाचा ह्याची हद्द ठरवून ती ओलांडली की त्या दिवशीची पुढील तोड रोखावी, भले कोणी कितीही ओरडो. ह्या शेवटच्या बाबतीत माझ्या काही सहकाऱ्यांचे मत वेगळे आहे. एखादे वेळी तासभर गव्हाण थांबली तरी चालेल, पण रोज बारा-बारा तास ऊस उन्हात नको, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, उसाचा महापूर आला की ही यादी काय कामाची? २०२१-२२ च्या हंगामात राज्यात तसेच झाले. विक्रमी ऊस झाला, गाळप जूनपर्यंत लांबले आणि १ मे नंतर गाळलेल्या उसाला उतारा घटीपोटी टनाला २०० रुपये अनुदान देण्याची पाळी शासनावर आली. त्या वर्षी कोणतीही यादी पुरी पडली नसती, हे खरे. पण ऊस किती आहे हे आधीच नीट कळले असते तर टोळ्यांचे व हार्वेस्टरचे करार तरी वेळेवर वाढविता आले असते. ते कळत नाही, कारण नोंदी खऱ्या नसतात. एकच फड दोन कारखान्यांकडे नोंदविलेला असतो, तारीख पंधरा-वीस दिवस मागची लावलेली असते, क्षेत्र अंदाजाने सांगितलेले असते. ऊस टंचाईच्या वर्षी आपलाच सभासद शेजारच्या कारखान्याला ऊस घालतो आणि मुबलकतेच्या वर्षी आपल्याच गट ऑफिसवर येऊन बसतो, हेही दिसते. कारखान्याने शिस्त पाळावी हे म्हणणे जेवढे बरोबर, तेवढेच हेही.

येत्या आडसाली लागणीपासून नोंद लागणीनंतर पंधरा दिवसांच्या आत गट ऑफिसात करावी. सोबत सातबारा, बेणे कोणत्या मळ्यातून आणले त्याची पावती आणि सरीतील अंतर सांगावे. हार्वेस्टर लावावयाचा असेल तर सरी साडेचार-पाच फुटांची हवी, ती लागणीनंतर बदलता येत नाही. स्लिपबॉय मोजणीला येईल तेव्हा बांधावर स्वतः हजर राहावे व त्याने लिहिलेली तारीख वाचून मगच सही करावी.

— ऊस विकास अधिकारी