वाकांडाची खाण कोणाच्या मालकीची?

आफ्रिकेच्या कोणत्याही नकाशात न सापडणारा एक देश आज जगभरच्या तरुणांच्या ओळखीचा झाला आहे. वाकांडा हे त्याचे नाव. जुलै १९६६ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोघा अमेरिकनांनी एका चित्रकथेत त्याला जन्म दिला. २०१८ साली रायन कूगलर या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या 'ब्लॅक पँथर' या चित्रपटाने तो घरोघरी पोहोचवला. वाकांडा कधीही कोणाचा गुलाम झाला नाही. त्याच्या भूमीत व्हायब्रेनियम नामक काल्पनिक धातूचा अफाट साठा आहे. त्या बळावर विज्ञानात साऱ्या जगाला मागे टाकलेला हा देश लुटारूंची दृष्ट लागू नये म्हणून दारिद्र्याचे सोंग घेऊन राहतो.

पोरखेळ म्हणून या कल्पनेकडे पाठ फिरवणे चूक ठरेल. ज्यांना इतिहासच नाही असे शतकानुशतके सांगितले गेले, त्यांना पडद्यावर झुलू स्त्रियांची टोपी ल्यालेली राजमाता दिसते, लेसोथोच्या घोंगड्या पांघरलेले योद्धे दिसतात, खोसा भाषा ऐकू येते. लंडनच्या वस्तुसंग्रहालयातील आफ्रिकी वस्तू तुमच्या पूर्वजांनी कशा मिळवल्या, असा रोकडा सवालही या चित्रपटात केला जातो. देशाचे विज्ञान आणि राजाचे रक्षक दल, दोन्ही स्त्रियांच्या हाती आहे. ते पाहून ज्यांचे डोळे भरून आले, त्यांच्याकडे नाक मुरडून पाहणारा समाजवादी जनतेपासून दुरावलेला समजावा.

परंतु संस्कृतीचे हे वैभव पाहून झाल्यावर अर्थशास्त्राचा पहिला प्रश्न विचारावाच लागतो. ही खाण कोणाच्या मालकीची? वाकांडात पाच जमाती आहेत. त्यांपैकी एकीचे नावच खाण जमात. तिची प्रमुख दरबारात बसते. पण खाणीत उतरणाऱ्याला काय मिळते, धातूचे काय करायचे हे ठरवताना त्याला कोण विचारतो, याचा उच्चारही होत नाही. गादी वंशपरंपरेने चालते, आणि धबधब्याच्या काठावरील द्वंद्वात तिला आव्हान देता येते. किलमाँगर नावाचा आव्हानवीर ते द्वंद्व जिंकतो आणि सैन्य, शस्त्रे, खाण, सारे काही क्षणात त्याचे होते. रक्षक दलाची प्रमुख मनाविरुद्ध त्याची आज्ञा पाळते, कारण तिची शपथ सिंहासनाशी असते. त्याला अडवू शकेल अशी संसद नाही, न्यायालय नाही, कामगार संघटना तर नाहीच. दिग्दर्शकाला हा धोका दिसला नाही असे नव्हे. पण त्यावर त्याला सुचलेला उपाय एवढाच, की आधीचा राजा परत येतो आणि पुन्हा झुंज जिंकतो!

ज्या खंडात ही कथा घडते, तेथील खराखुरा इतिहास येथे आठवतो. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला. दोन आठवड्यांच्या आत तांबे, कोबाल्ट व युरेनियमने समृद्ध असा कटांगा प्रांत बेल्जियन खाण कंपनीच्या पाठबळावर फुटून निघाला. देशाची संपत्ती देशाची, असे म्हणणारे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगातच हत्या झाली. लुमुंबांना मारण्यासाठी अमेरिकी गुप्तहेर संस्थेने विष धाडले होते, हे १९७५ साली अमेरिकेच्याच सिनेट समितीने नोंदवले. चित्रपटात मात्र त्याच संस्थेचा अधिकारी वाकांडाचा तारणहार ठरतो. परदेशांतील पीडितांसाठी शस्त्रे घेऊन निघालेली विमाने तोच पाडतो. हा योगायोग असेल तर फार सोयीचा आहे.

पुढे नोव्हेंबर १९६५ मध्ये मोबुटूने सत्ता बळकावली. त्याच्या डोक्यावर सदैव बिबट्याच्या कातड्याची टोपी असे. त्याने अस्सल आफ्रिकीपणाची मोहीम काढली, देशाचे नाव बदलून झैर केले, नागरिकांना ख्रिस्ती नावे टाकायला लावली, युरोपीय कोट-टाय हद्दपार केला. १९६७ मध्ये त्याने ती खाण कंपनी सरकारजमाही केली. आपल्या चळवळीतील पुष्कळांना त्या काळी राष्ट्रीयीकरण म्हणजे अर्धा समाजवाद वाटत असे. त्यांनी काँगो अभ्यासायला हवा होता. खाण सरकारची झाली, पण सरकार जनतेचे नव्हते. मोबुटूने ग्बाडोलितेच्या जंगलात राजवाडे आणि कॉन्कॉर्ड विमान उतरेल अशी धावपट्टी बांधली. १९९७ मध्ये तो पळाला तेव्हा देश कंगाल होता. आज जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोतून येतो, आणि कोल्वेझीच्या आसपास हातांनी माती उपसणाऱ्यांत लहान मुलेही असतात.

वाकांडाचा राजा अखेरीस ऑकलंड शहरात इमारती विकत घेऊन गरीब कृष्णवर्णीयांसाठी मदत केंद्र काढतो. ऑकलंडच का, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. वाकांडाचा जन्म झाला त्याच वर्षी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तेथे ब्लॅक पँथर पक्ष स्थापला. रोजगार, घर, शिक्षण आणि पोलिसी अत्याचारांचा अंत या त्यांच्या मागण्या हक्क म्हणून मांडल्या होत्या, देणगी म्हणून नव्हे. त्यांचेच नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि पुढल्या वर्षीच्या तिच्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दात भूमिहीन, कामगार व स्त्रिया यांनाही सामावून घेतले. मुंबईच्या त्या तरुणांना सिंहासन नको होते. चित्रपटातील पँथरपाशी सिंहासनाखेरीज राजकारणच नाही.

जून २०२२ मध्ये बेल्जियमने लुमुंबांच्या देहाचा उरलेला एकमेव अवशेष, एक दात, त्यांच्या कुटुंबाच्या स्वाधीन केला. मारेकऱ्यांनी बाकीचा देह आम्लात विरघळवला होता. तो दात ३० जून रोजी किन्शासात दफन झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात वाकांडाचा दुसरा चित्रपट आला. त्यात राजा मरण पावला आहे, आणि शेवटी गादीवर हक्क सांगायला पुन्हा एक सरदार धबधब्यापाशी येऊन उभा राहतो.