नीट बसून काय होणार?

मोबाइलमध्ये डोकं खुपसलेल्या माणसाचं एक चित्र आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी उगवतं. ओळीने आकृत्या, प्रत्येकीची मान आधीचीपेक्षा जास्त वाकलेली, आणि शेजारी वजनं. मान सरळ असेल तर पाच किलो, ६० अंशांत वाकवली तर २७. लगेच खाली हात जोडले जातात, कुणीतरी तरुण पिढीला उद्देशून दोन ओळी खरडतं. आकडे बनावट नाहीत. न्यूयॉर्कचे मणक्यांचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केले. पण ते संगणकावर मानेचं मॉडेल मांडून काढलेलं गणित होतं. वाकणारी मान दुखते का, हा प्रश्न त्यात कुणाला विचारलेलाच नव्हता.

तो प्रश्न पर्थमध्ये विचारला गेला. सतरा वर्षांच्या अकराशेहून अधिक मुलामुलींची बसण्याची ढब मोजली आणि मग कुणाची मान दुखते ते पाहिलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. पोक काढून, मान पुढे घालून बसणाऱ्यांत मानदुखी किंवा डोकेदुखी ताठ बसणाऱ्यांपेक्षा जास्त सापडली नाही. पाठीत धपाटे खाऊन वाढलेल्या आमच्या पिढीला हे पचायला जड जातं. ‘नीट बस’ हे दिसण्यासाठी ठीक आहे. औषध म्हणून त्याची कुवत बेताची.

मग दुखतं ते काय? डोक्याच्या मागून निघून दोन्ही खांद्यांवर आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेला ट्रॅपिझियस नावाचा मोठा स्नायू आहे. कीबोर्डवर हात धरायला त्याला फारशी ताकद लागत नाही, पण सुटकाही मिळत नाही. थोडा थोडा आवळलेला, तासन्‌तास. परेडमधल्यासारखा ताठ बसलेला माणूसही दिवसभर हललाच नाही, तर संध्याकाळी मान चोळतच उठणार. त्यात झोप अर्धवट आणि डोक्याला कटकटी असल्या की तेच दुखणं दुप्पट जाणवतं.

माझी मान धरली तेव्हा घराजवळच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने माझा एक्स-रे बाजूला ठेवला. ‘काकू, मणक्यांतल्या गॅपचं मनातून काढून टाका. तुमच्या वयाच्या न दुखणाऱ्या मानांतही हेच दिसतं.’ (काकू! असो.) मग तिने हातांना मुंग्या येतात का, वस्तू हातातून निसटतात का, चालताना तोल जातो का, पडला होतात का, ताप, वजन घटणं असं काही आहे का, हे बारकाईने विचारलं. यातलं काही असतं तर तिने मला थेट डॉक्टरांकडे धाडलं असतं.

बाजूच्या खाटांवर शेक घेत पडलेली मंडळी मला जास्त सुखी वाटली. लाल दिवा, गरम पिशवी, वायरी चिकटवून येणाऱ्या गुदगुल्या. आराम वाटतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्याला ते आवडतं याचं कारण मात्र उघड आहे: सगळं झोपून होतं आणि दुसरं कुणीतरी करतं. गळ्याला पट्टा बांधण्याचंही तसंच. स्नायूंचं काम पट्टा करतो आणि स्नायू आणखी आळसावतात.

फिनलंडमधला एक प्रयोग मी हल्ली भेटेल त्याला ऐकवते. सहा महिन्यांहून अधिक काळ मान दुखणाऱ्या, ऑफिसात काम करणाऱ्या १८० बायका. एका गटाने डोक्याभोवती रबरी पट्टा अडकवून मानेने तो जोरात ताणला, दुसऱ्याने पडल्या पडल्या डोकं उचलण्याचे हलके व्यायाम केले, तिसऱ्याला नुसतं स्ट्रेचिंग आणि चालणं वगैरे सुचवलं. वर्षाने पहिल्या गटातल्या ७३ टक्के जणींना बराच किंवा पूर्ण आराम पडला होता, दुसऱ्यात ५९ टक्के, तिसऱ्यात २१. हे २००३ मध्येच छापून आलं, आणि आपण अजून मान गोल गोल फिरवतोय.

‘वेळ कुठे आहे’ म्हणणाऱ्यांसाठी डेन्मार्क आहे. तिथे २०११ मध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ जणांपैकी काहींना रोज दोन मिनिटं आणि काहींना बारा मिनिटं रबरी पट्टा हातात देऊन हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायला लावले, आठवड्यातून पाच दिवस. दहा आठवड्यांनी दोघांचंही दुखणं उतरलं होतं, आणि दोन मिनिटंवाले फारसे मागे नव्हते. चहाला आधण येईपर्यंत होणारा व्यायाम आहे हा.

माझ्या वाट्याला जे आलं तेही दिसायला हास्यास्पद. उताणं पडून, डोक्याखाली टॉवेलची घडी घेऊन, हळूच ‘हो’ म्हणावं इतकीच हनुवटी आत घ्यायची आणि दहा सेकंद धरायची. गळ्याच्या पुढचे मोठे स्नायू ताठ झाले तर फसलं. काम आतल्या, मणक्यांना चिकटून असलेल्या स्नायूंनी करायचं. मग कोपरं अंगाला चिकटवून पट्टा दोन्ही बाजूंना ताणायचा, खांद्याची पाती मागे आणि खाली. दाराच्या कडीत पट्टा अडकवून होडी वल्हवल्यासारखा ओढायचा. शेवटी डेन्मार्कवाला प्रकार. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमायला हवं. नाही शमलं तर जोर कमी करायचा, बंद नाही करायचं.

योगासनवाल्यांनी रागावू नये. पुण्याच्या अय्यंगारांची पद्धत जर्मनीत मानदुखीवर तपासली गेली. नऊ आठवड्यांच्या एका चाचणीत ती घरी पुस्तिका बघून केलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरली. तिथे समोर शिक्षक होता, घरी नव्हता, हेही धरायला हवं. सूर्यनमस्कारात भुजंगासन आलं की पाठीचा वरचा भाग मागे वळतो, जोर मारताना खांद्यांवर भार येतो. नावं वेगळी; स्नायूला भार मिळतोय ना आणि तो हळूहळू वाढतोय ना, एवढं बघायचं.

वाढतोय ना, यावरच बहुतेकांचं घोडं अडतं. दुखणं गेलं की पट्टा कपाटात. काही महिन्यांनी पुन्हा शेक. आमची फिजिओथेरपिस्ट मुलगी त्या बाबतीत कडक आहे. लाल पट्टा मला आता सैल लागतो हे तिने माझ्याआधी ओळखलं आणि परवा पुढचा, हिरवा, हातात ठेवला. म्हणाली, ‘दोन-तीन दिवस खांदे दुखतील काकू. लगेच फोन करू नका.’