विश्लेषण : डिझाइन सॉफ्टवेअर विकत घ्यावे की वर्गणीवर?

फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन ही सॉफ्टवेअर पूर्वी एकदाच पैसे मोजून घेता येत. मे २०१३ मध्ये अ‍ॅडोबीने नव्या आवृत्त्या केवळ ‘क्रिएटिव्ह क्लाउड’च्या वर्गणीवर मिळतील, असे जाहीर केले. सीएस ६ ही विकत मिळणारी शेवटची मालिका ठरली. पण यात फायदा कोणाचा?

गणित काय सांगते?

अमेरिकेतील तेव्हाचे दर पाहू. सीएस ६ डिझाइन स्टँडर्ड १,२९९ डॉलरला, तर मास्टर कलेक्शन २,५९९ डॉलरला मिळे. सर्व अ‍ॅपची वर्गणी वार्षिक करारावर महिना ४९.९९ डॉलर होती. म्हणजे स्टँडर्डची किंमत २६ महिन्यांत, तर मास्टर कलेक्शनची ५२ महिन्यांत वर्गणीतूनच भरली जाते. त्यानंतरचा प्रत्येक हप्ता जादा खर्च. तीच आवृत्ती पाच वर्षे वापरणाऱ्याला खरेदी परवडे. मात्र दर नव्या आवृत्तीला पैसे मोजणाऱ्याचा फायदा घटे.

विकत घेतले म्हणजे कायमचे?

तसे नाही. मिळतो तो वापराचा परवाना. २०१९ मधील मॅकओएस कॅटलिनाने ३२ बिट सॉफ्टवेअरचा आधार काढला आणि अनेक जुनी सॉफ्टवेअर निरुपयोगी झाली.

वर्गणीत मेख कुठे?

हप्ता थांबला की सॉफ्टवेअर बंद. फाइल आपल्याकडेच राहते, पण ती उघडून बदल करण्याचे साधन जाते. शिवाय वार्षिक करार मध्येच मोडल्यास शुल्क लागते. उरलेल्या रकमेच्या निम्मे धरले, तर महिना ५० डॉलरच्या करारात आठ महिने उरले असताना २०० डॉलर जातात. हे शुल्क ग्राहकांपासून दडवल्याचा आरोप करत अमेरिकी सरकारने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर खटला भरला. कंपनीने आरोप नाकारले.

पर्याय कोणते?

गिम्प आणि इंकस्केप मोफत आहेत. कॅनव्हाने २०२४ मध्ये विकत घेतलेले अ‍ॅफिनिटीही ऑक्टोबर २०२५ पासून मोफत झाले. त्यातील एआय सुविधांना मात्र पैसे लागतात.

मग निवड कशी करावी?

ग्राहक किंवा छापखाना रोज इनडिझाइनचीच फाइल मागत असेल, तर वर्गणी हा धंद्याचा खर्च समजावा. महिन्याकाठी दोन-चार कामे असतील, तर आधी मोफत पर्याय वापरून पाहावेत. आणि वर्गणी बंद करण्यापूर्वी जुनी कामे पीडीएफ, एसव्हीजी किंवा आयडीएमएलमध्ये साठवून ठेवावीत.