राजगड नेमका किती उंच? आकड्याच्या वादात उताराची मोजणी राहून जातेय

विंझर : ऑगस्ट २०२५ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं. त्याच्या महिनाभर आधी, जुलैत, राजगड किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी, असे १२ किल्ले त्या यादीत आहेत. पण ज्या किल्ल्याच्या नावानं आता तालुका ओळखला जाणार, त्याची उंची विचारली तर एक उत्तर मिळत नाही. कुठं १३७६ मीटर लिहिलंय, कुठं १३९४. तोरणा १४०३ मीटर सांगतात. म्हणजे एका आकड्यानं तोरणा २७ मीटरनं उंच, दुसऱ्यानं फक्त ९ मीटरनं. चहाच्या टपरीवर यावरून वाद रंगतो, पण प्रश्न तेवढ्यापुरता नाही.

फरक येतो कुठून?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या नकाशावर उंचीच्या रेषा २० मीटरच्या अंतरानं असतात. दोन रेषांच्या मधे येणारं टोक नेमकं किती उंच, हे रेषा बघून सांगता येत नाही. त्या टोकाची उंची वेगळी मोजून लिहिलेली असावी लागते. उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या माहितीत साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची धरतात. बालेकिल्ल्यासारखं अरुंद टोक त्यात आजूबाजूच्या उतारात मिसळतं आणि आकडा कमी येतो.

मोबाईलचं आणखी वेगळं. उपग्रहावरून येणारी कच्ची उंची समुद्रसपाटीपासून नसते, पृथ्वीच्या गणिती आकारापासून असते. पुणे जिल्ह्याच्या भागात या दोन्हींत साठ-सत्तर मीटरचा फरक पडतो. काही ॲप तो दुरुस्त करून दाखवतात, काही नाही. म्हणून गडावर शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या मोबाईलवर दोन आकडे दिसतात. शिवाय मोजलं काय, हेही बघावं लागतं. जमीन, तटबंदी की झेंड्याची काठी? डोंगराची खरी उंची म्हणजे सर्वात उंच नैसर्गिक जमीन, वरचं बांधकाम त्यात धरत नाहीत.

हे काम जुनं आहे. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळून देशाची मोजणी सुरू केली आणि ती करता करताच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याच मोजणीतून पुढं एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट निघाली. १९५५ मध्ये ती ८८४८ मीटर ठरली आणि २०२० मध्ये नेपाळ-चीननं ८८४८.८६ जाहीर केली. जगातल्या सर्वात उंच शिखराचा आकडा दुरुस्त होतो, तर राजगडाचा व्हायला हरकत नाही.

त्याला लागणारं यंत्रही अनोळखी नाही. बांधाच्या मोजणीला भूमी अभिलेखचे लोक जो रोव्हर आणतात, त्यानंच हे होतं. बालेकिल्ल्यावरच्या दोन-चार उंच जागांवर तो पुरेसा वेळ उभा केला, तर काही सेंटीमीटरच्या फरकानं उत्तर मिळतं. राजगड राज्य संरक्षित असल्यामुळं पुरातत्त्व खात्याची परवानगी मात्र लागेल.

गावाला उपयोग काय?

फलकावरचा आकडा बदलल्यानं कुणाच्या शेतात पाणी येणार नाही. खरा उपयोग डोंगराच्या उताराचा आहे. बांधकाम नियमावलीत १ ला ५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. म्हणजे पाच फूट आडवं गेल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढ असेल, तर तिथं घर नाही. पण उतार मोजणार कोण आणि कधी? फार्महाऊसच्या प्लॉटसाठी जेसीबी लागला की आठ दिवसांत डोंगराचा आकारच बदलतो. नंतर मोजणी आली तरी ती सपाट केलेल्या जमिनीचीच होते. आधीची मोजणी हाताशी नसेल तर तक्रार करणाऱ्याकडं पुरावा राहत नाही.

दुसरा प्रश्न जिवाचा आहे. ३० जुलै २०१४ ला याच जिल्ह्यातल्या माळीणमध्ये १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला सह्याद्रीपलीकडं, महाड तालुक्यात तळीये गाडलं गेलं. २०२३ मध्ये इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी घरं डोंगराच्या कुशीत होती. भोर, राजगडमधल्या कितीतरी वाड्या तशाच वसलेल्या आहेत.

स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी झाली. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरमधल्या सोनोरीतच त्याचा पहिला प्रयोग झाला होता. पण ती मोजणी घरांपुरती, मिळकत पत्रिकेसाठी. वाडीच्या डोक्यावर उभा असलेला डोंगर त्यात येत नाही.

केंद्राच्या २०२२ च्या भूस्थानिक धोरणात २०३० पर्यंत देशाचा उंचीचा अचूक नकाशा करायचं ठरलंय, डोंगराळ भागात १ ते ३ मीटर अचूकतेचा. तो तयार झाला की तालुक्याच्या कचेरीत पडून न राहता ग्रामपंचायतीत यायला हवा. तोवर ग्रामसभेला एक ठराव करता येईल : राजगडाची उंची मोजायला पथक येईल तेव्हा खालच्या वाड्यांवरचे उतारही त्याच फेरीत मोजावेत आणि आकडे चावडीवर लावावेत. गड किती उंच हे पर्यटकाला हवंय. वाडीवरचा उतार किती, हे पावसाळ्यात तिथं झोपणाऱ्याला माहीत पाहिजे.