सक्षम व्यक्ती कोण?

पणजी, म्हापसा वा मडगाव येथे औषधांचे घाऊक दुकान कोठे आहे, हे सामान्य ग्राहकास बहुधा ठाऊक नसते. त्याचा संबंध कोपऱ्यावरच्या फार्मसीशी. परंतु फार्मसीत येणारी जवळजवळ प्रत्येक बाटली आधी कुठल्या तरी घाऊक व्यापाऱ्याच्या गुदामात मुक्काम करून आलेली असते. त्या मुक्कामाची जबाबदारी ज्याच्या शिरावर, त्याला औषध नियम 1945 मध्ये 'सक्षम व्यक्ती' म्हटले आहे.

ही सक्षमता ठरते कशी? नियम 64 प्रमाणे ती व्यक्ती नोंदणीकृत औषधविक्रेता असावी. किंवा मॅट्रिक होऊन औषधविक्रीचा चार वर्षांचा, अथवा पदवी घेऊन एक वर्षाचा अनुभव असावा. परीक्षा कसलीच नाही. अनुभव मोजला जातो तो वर्षांत. त्या वर्षांत माणूस काय शिकला, हे नियम विचारीत नाहीत. वैद्यकीय उपकरणांची कथा याहून सोपी. 1 एप्रिल 2020 पासून सर्व उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली, 2022 मध्ये त्यांच्या विक्रेत्यांना नोंदणी लागू झाली. पण देखरेख करणाराजवळ नुसती पदवी असली तरी भागते. इतिहासाचा पदवीधर हृदयात बसवावयाच्या स्टेंटच्या साठ्यावर नेमता येईल!

हा प्रश्न कागदी नव्हे. इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते. आपल्याकडे ऐन पावसाळ्यात वीज वारंवार जाऊन शीतकपाट बंद राहिले आणि माल दीर्घकाळ उष्णतेत राहून बिघडला, तरी कुपीकडे पाहून बहुधा काहीच कळत नाही. उलट अति थंडीने ते गोठले, तरीही निकामीच. तापमानाची नोंद पाहून तो माल बाजूला काढणारा जाणता माणूस दुकानात नसेल, तर रुग्ण नेमाने टोचून घेईल आणि त्याची साखर मात्र उतरणार नाही. डॉक्टर मात्रा वाढवतील. गुदामावर संशय कोणाला येणार?

1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलने 14 रुग्ण दगावले. तो माल कित्येक हातांतून गेला होता, आणि त्यांतल्या एकानेही तो अडवला नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घाऊक दुकानाच्या देखरेखीसाठी अनुभवाबरोबर प्रशिक्षण घेऊन राज्याच्या औषध मंडळाचा स्वतंत्र परवाना मिळवावा लागतो, आणि तसा माणूस हजर नसता दुकान चालविता येत नाही. आपल्याकडे परवान्यावर नाव असते. नावाचा धनी दुकानात असतोच, असे छातीवर हात ठेवून किती व्यापारी सांगतील?

लहान व्यापाऱ्यांवर आणखी एक बोजा नको, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. वीस वर्षे मालाची चढउतार पाहिलेला मॅट्रिक गृहस्थ नव्या पदवीधराहून अधिक जाणतो, हेही आम्ही मान्य करतो. मग परीक्षेचे भय त्याला कशाला? नियम केंद्राचे आहेत, ते बदलण्यास वेळ लागेल. पण परवाना राज्याचेच अधिकारी देतात. पणजीच्या औषधनिर्माण महाविद्यालयात राज्याने चार-सहा आठवड्यांचा सायंवर्ग सुरू करावा, साठवण, मुदतबाह्य माल, परत मागविलेल्या तुकडीचा माग हे तेथे शिकवावे. आणि निरीक्षकांनी पुढील तपासणीत परवाना पाहण्याआधी त्यावर नाव असलेल्या माणसाला समोर बोलवावे.