गणपती घराण्याचा, खर्च मात्र एकाचा

श्रावण अर्ध्यावर आला की सणाच्या खर्चाबद्दल दोन प्रकारची शहाणी माणसं बोलू लागतात. एक म्हणतात, यादी करा, किराणा घाऊक आणा, दोन पक्वान्नांऐवजी एकच करा, फुलं आदल्या संध्याकाळी नको, दोन दिवस आधी घ्या. दुसरे म्हणतात, वर्षाचा सण, त्यात कसला हिशोब मांडता? वरवर पाहता या दोघांचं एकमेकांशी पटणार नाही असं वाटतं. पण एका गोष्टीवर दोघांचंही एकमत आहे: सण ज्याच्या दारी, खर्च त्याचा. पहिला त्याला हात आखडता घ्यायला सांगतो, दुसरा सैल सोडायला. हात मात्र एकाचाच. माझा आक्षेप या गृहीतावरच आहे. ते जोवर हलत नाही तोवर काटकसरीचे सगळे सल्ले म्हणजे एकाच माणसाला जरा कमी पिळण्याच्या युक्त्या आहेत.

कोकणातल्या घरच्या गणपतीचं उदाहरण घेऊ. मूळ घर एक, गणपती एक, भाऊ चार-पाच. त्यातला एक गावी, बाकीचे चाकरमानी. दीड दिवसाचा असेल तर गोष्ट वेगळी. पण गौरीबरोबर जाणारा गणपती असला की मुक्काम पंचांगावर ठरतो. गौर अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर पुजली जाते, मूळ नक्षत्रावर जाते; म्हणजे पाच ते सात दिवस. वीस माणसं पाच दिवस दोन वेळा जेवली तरी दोनशे पानं होतात. सकाळचा नाश्ता, दिवसभराचा चहा, रात्री भजनाला येणाऱ्या मंडळींची काळ्या वाटाण्याची उसळ, मूर्ती, भटजींची दक्षिणा आणि ऐनवेळी संपणारा गॅस सिलिंडर यांची गणती यात नाही. हा सगळा भार गावच्या भावावर टाकताना चाकरमान्यांचं एक ठरलेलं समाधान असतं: तांदूळ घरचा, नारळ परसातले, भाजी वेलीवरची, त्याला खर्च कसला येतोय? हे साफ चुकीचं गणित आहे. भाद्रपदात नारळ चढ्या भावाने विकला जातो. त्याच दिवसांत घरच्या गणपतीला फुटलेला प्रत्येक नारळ हा न विकलेला नारळ असतो. शेताची लावणी, मजुरी, खत यांचे पैसे ज्याने दिले त्याच्या तांदळाला ‘घरचा’ म्हटलं म्हणून तो फुकट होत नाही. अंगणातलं गवत काढणं, घर सारवणं किंवा रंगवणं, विहिरीचा पंप दुरुस्त करून ठेवणं, हे तर कुणाच्या हिशोबातच येत नाही.

मग जेवणातच कपात करावी का? मला ते पटत नाही. सणाच्या उधळपट्टीनेच मराठी माणूस बुडाला हे जुनं पालुपद आहे, आणि ते तपासून पाहिलं गेलेलं आहे. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्ध उद्रेक झाला. त्यानंतर नेमलेल्या दख्खन दंगा आयोगाने कर्जाची कारणं शोधली, तेव्हा लग्न आणि सणांच्या खर्चाला फाजील महत्त्व दिलं जातं असाच त्याचा निष्कर्ष निघाला. कुणब्याच्या ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त असेल, पण असे प्रसंग क्वचित येतात आणि अनेक वर्षांची बेरीज केली तर तो अवाजवी ठरत नाही, अशा अर्थाचं ते मत होतं. इंग्रज सरकारच्या आयोगालाही जे दिसलं ते आपल्या आजच्या उपदेशकांना दिसत नाही याची गंमत वाटते. उलट बाजूने गाडगेबाबा कीर्तनांतून कळकळीने सांगत की सणासाठी कर्ज काढू नका. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर त्यांत विरोध नाही. गाडगेबाबांचा रोख कर्जावर होता, लोकांनी एकत्र जेवण्यावर नव्हता. त्यांनी स्वतः अन्नछत्रं चालवली. चार-पाच घरांत वाटला तर जो खर्च माफक ठरतो, तोच एका घरावर पडला की ऋण काढून सण होतो. रक्कम तीच. म्हणून ती किती, यापेक्षा कुणावर, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

काटकसरीचा आणखी एक लाडका सल्ला आहे: बाहेरून आणू नका, घरीच करा, निम्म्यात होतं. निम्म्यात होतं ते करणारीच्या श्रमांची किंमत शून्य धरल्यामुळे. नैवेद्याला एकवीस मोदक पुरतात, पण वीस माणसांना पाच-पाच म्हटले तरी शंभर वळावे लागतात. नारळ खवणं, चव शिजवणं, उकड काढून ती गरम असतानाच मळणं, मग एकेक पारी करून कळ्या पाडणं. आणि हे सारं वरण, भाजी, वडे यांच्या जोडीला, त्याच चुलीपुढे. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात आणि पुरुषांपैकी जे ते करतात त्यांची 97, असं आढळलं. हे साध्या दिवसांचं आहे, चतुर्थीचं नव्हे. तेव्हा गौरीच्या पुरणपोळ्या गावातल्या बचतगटाकडून विकत घेतल्या तर ती उधळपट्टी ठरू नये. पैसा गावातच राहतो आणि घरच्या सुनेला आरतीला उभं राहता येतं. पैसे वाचवायचेच असतील तर नारळ खवायला आणि भांडी घासायला पुरुषांनी बसावं. तो उपाय खरोखरच फुकटचा आहे. ऋषिपंचमीची भाजी पाहा: बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही या दंडकामुळे परसातला अळू, माठ, भोपळा, सुरण यांवर तो दिवस निघतो. बैलाच्या श्रमांचा एवढा विचार आपल्या परंपरेत आहे, मग स्वयंपाकघरातल्या माणसांचा का नसावा?

आता खर्च वाटून घेण्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप. वर्गणी काढली, वही घातली की आपुलकी संपते, घराची खानावळ होते, असं म्हणतात. हे म्हणणाऱ्यांनी आपल्याच आजूबाजूला नीट पाहिलेलं नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीत चालणारा वारकरी जेवणाखाण्यासाठी भिशी भरतो. त्याची भक्ती त्यामुळे उणी झाल्याचं कुणी म्हटलेलं नाही. सार्वजनिक गणेशोत्सव तर पावतीपुस्तकावरच उभा आहे. आणि नात्यात हिशोब नसतो म्हणणाऱ्या घरांत अहेराची वही कपाटात जपून ठेवलेली असते: कुणी काय दिलं, आपण काय परत करायचं, दहा-दहा वर्षांचं टिपण. हिशोब आपल्याकडे आहेच. तो मनात ठेवला की धुमसतो आणि वाटणीच्या वेळी, ‘इतकी वर्षं गणपती आम्हीच केला’ अशा वाक्याने बाहेर पडतो. उघड मांडलेल्या वहीने नातं तुटण्यापेक्षा न मांडलेल्या वहीने तुटण्याचा धोका कितीतरी मोठा आहे.

अनेक घराण्यांनी यावर पाळीचा तोडगा काढला आहे: एक वर्ष एका भावाचं, पुढचं दुसऱ्याचं. एकाच्या डोक्यावर कायमचं ओझं राहण्यापेक्षा हे बरं. पण त्यातही खोट आहे. सधन भावाच्या वर्षी रोषणाई, केटरिंग, पाहुण्यांना भेटवस्तू असा थाट होतो आणि पुढच्या पाळीच्या बेताच्या कमाईच्या भावाला तो गाठावा लागतो. म्हणून पाळीपेक्षा सामाईक खर्च आणि सर्वांनी मिळून ठरवलेली मर्यादा बरी. वाटे सारखेच असावेत असा माझा आग्रह नाही. ज्याची कमाई जास्त त्याने जास्त द्यावं, आणि जो गावी राहून घर राखतो त्याच्याकडून रोख रक्कम मागूच नये.

‘आम्ही प्रवासालाच एवढे पैसे घालतो’ ही चाकरमान्यांची तक्रार मात्र निराधार नाही. रेल्वेचं आरक्षण मिनिटांत संपतं, आणि खासगी बसवाले त्या दिवसांत मागतील ते भाडं घेतात. ज्याला ते खरंच जड जातं त्याला वर्गणीत सूट द्यावी. परंतु तोच माणूस मुंबईहून मखर, दिव्यांच्या माळा आणि मिठाईचे खोके घेऊन उतरत असेल तर त्याची सबब ऐकायचं कारण नाही. आराशीला पैसे आहेत आणि तेलाच्या डब्याला नाहीत, असं होत नसतं.

तेव्हा चाकरमान्यांना एवढंच सांगणं आहे. आपला वाटा निघताना पाकिटात घालून देवापुढे ठेवू नका. गावचा वाणी चतुर्थीच्या आधीच सामान देतो आणि त्याची उधारी तुमच्या भावाच्या नावावर चढते. पैसे श्रावणातच पाठवा.