धरणाची पातळी आणि कुंडलिकेवरील होड्या

हे शीर्षक वाचून आमच्या काही वाचकांस आश्चर्य वाटेल. मुंबई-पुण्याची मंडळी रविवारी कोलाडास येतात, रबरी तराफ्यांत बसतात, यथेच्छ भिजतात व संध्याकाळी परत जातात. यात शेतकऱ्याने लक्ष घालावे असे काय आहे? आमचे म्हणणे असे की, पुष्कळ आहे. ज्या पाण्यावर हे तराफे चालतात तेच पाणी पुढे कोणाच्या तरी भातखाचरात जाते. ते किती वाजता, किती प्रमाणात व कोणास कळवून सोडले जाते, हा प्रश्न तराफेवाल्यांच्या आधी आपला आहे.

कुंडलिका ही मूळची कोकणातील इतर नद्यांसारखीच. पावसाळ्यात दुथडी भरणारी आणि होळीनंतर डबक्यांपुरती उरणारी. ती बारमाही झाली ती सह्याद्रीपलीकडच्या पाण्याने. मुळशी येथे मुळा नदी अडवून तिचे पाणी घाटमाथ्यावरून भिऱ्याच्या वीजघरात पाडले जाते. हे वीजघर १९२७ साली सुरू झाले. त्या तलावाखाली मुळशी पेट्यातील उत्तम भातजमिनी गेल्या, आणि १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी जो सत्याग्रह केला तो त्याच जमिनींसाठी, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. भिऱ्याचे पाणी खाली पुन्हा अडवून त्यावर आणखी एकदा वीज काढतात, आणि मग ते रवाळज्याकडून नदीत सुटते. तेथून कोलाडच्या बाजूस दहाबारा किलोमीटरांचा जो खळाळता उतार आहे तोच राफ्टिंगचा पट्टा. कोलाडनजीक डोलवहाळचा बंधारा हे पाणी झेलतो व कालव्यांनी रोहे-माणगावच्या शेतांकडे वळवतो. उन्हाळी भात त्यावरच उभे राहते.

आता तराफा पाणी पीत नाही, ही गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. एक क्युसेक पाणी चोवीस तास वाहिले म्हणजे सुमारे दोन एकर जमिनीवर एक फूट उंच उभे राहील इतके होते. अशा शेकडो क्युसेकांची धार सकाळी नदीत सुटते, होड्या तिच्यावरून जातात, आणि तिचा थेंबही होडीमुळे कमी होत नाही. खाली झेलणारा बंधारा असेल तर शेतकऱ्याचे काहीच गेले नाही. जेथे असा बंधारा नाही तेथे मात्र केवळ करमणुकीसाठी धरण उघडणे म्हणजे उभ्या पिकाचे पाणी समुद्रास अर्पण करणे होय, आणि त्यास आमचा विरोध राहील.

परंतु पाण्याच्या राशीइतकाच त्याच्या वेळेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. वरचा तलाव भरलेला असला म्हणजे वीजघर बरेच तास चालते व नदीस जोर राहतो. फाल्गुन-चैत्रात तलाव उतरू लागला, की बहुधा धार बारीक करण्याऐवजी यंत्र चालविण्याचे तासच कमी केले जातात. मग दिवसातून थोडा वेळ नदी दांडगी व उरलेला वेळ कोरडी, अशी स्थिती होते. पाणी सुटण्याआधी पोहोचलेला तराफा खडकांवर घासतो, बसलेल्या मंडळींस उतरून तो ढकलावा लागतो. लहान होडक्यास थोडे पाणी पुरते खरे, पण अचानक आलेल्या लोंढ्यात तेच आधी उलटते. आणि याच वेळी काठच्या शेतकऱ्याचे काय होते? सकाळी पाण्यात असलेला त्याच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह दुपारी उघडा पडतो. नदीत म्हशी घातलेल्या पोरास व धुणे धुणाऱ्या बायांस लोंढ्याची वर्दी पाणी गुडघ्यांस लागल्यावर मिळते. तराफेवाला निदान दूरध्वनी करून वेळ विचारून घेतो. शेतकऱ्यास तेवढीही सोय नाही. विजेची मागणी जेव्हा वाढेल तेव्हा पाणी सुटेल, हा व्यवहार वीजघराच्या दृष्टीने ठीक असेल, पण त्यात नदीकाठच्या माणसाचा हिशेब कोठेच नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो नदीचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. तेथील ग्लेन कॅनियन धरणात १९६३ पासून पाणी अडू लागले. आरंभी विजेच्या मागणीप्रमाणे खालच्या पात्रातील पाणी दिवसभरात वाटेल तसे चढे-उतरे. त्याने वाळूचे काठ वाहून जात व तराफ्यांवरून प्रवास करणाऱ्यांची त्रेधा उडे. अखेर १९९६ साली नियम झाला की, दिवसा ८,००० व रात्री ५,००० क्युसेकांखाली प्रवाह जाऊ द्यावयाचा नाही, आणि तासाभरात ४,००० क्युसेकांहून अधिक वाढवावयाचा नाही. पुढे अवर्षणाने त्या धरणाचा तलाव इतका खाली गेला की २०२३ च्या फेब्रुवारीत, प्रथम भरल्यापासूनची सर्वांत कमी पातळी नोंदली गेली. तलावावरील होड्यांचे धक्के कोरडे पडले. तरी धरणाखालच्या नदीत तराफे चालूच राहिले, कारण खालच्या राज्यांच्या शेतीस व शहरांस कराराने बांधलेले पाणी सोडणे भागच होते. शेतकऱ्याच्या हक्काच्या पाण्यावर तराफेवाला तरंगला! कोलाडच्या व्यावसायिकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. त्यांच्या धंद्याची खरी हमी वीजघराच्या मर्जीत नसून कालव्याच्या लाभधारकांच्या लेखी हक्कात आहे.

एक अवघड गोष्टही येथे बोलली पाहिजे. मुळशीचे पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्यात सोडावे ही पुणे-सोलापूरकडील शेतकऱ्यांची मागणी जुनी आहे, आणि आमच्या वाचकांत दोन्हीकडचे लोक आहेत. कृष्णा पाणीतंट्याच्या लवादाने १९७६ साली या जलविद्युत तलावांतून पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यास एका वर्षात ५४.५ टी.एम.सी. व कोणत्याही सलग पाच वर्षांत २१२ टी.एम.सी. अशी मर्यादा घातली आहे. म्हणजे हे पाणी अमर्याद नव्हेच. उद्या त्यातले काही पूर्वेकडे वळले तर कुंडलिका तितकी आटेल, आणि दुबार भात व तराफे दोन्ही बसतील. राफ्टिंगवर साजे-कोलाडकडच्या अनेक तरुणांची चूल पेटते, त्यांतले कित्येक शेतकऱ्यांचेच मुलगे. त्यांचे नुकसान आम्ही हलके मानीत नाही. तथापि करमणुकीच्या धंद्याची ढाल पुढे करून कोणी सोलापूरच्या तहानलेल्या शेतास नकार देऊ लागेल, तर ते आम्हांस मान्य नाही. राज्याच्या २००३ च्या जलधोरणात शेतीच्या वर उद्योगास जागा दिली होती, ती २०११ साली बदलून घ्यावी लागली. आता होड्यांस मागल्या दाराने वर बसवू नये. वाद व्हावयाचा तर तो रोह्याच्या शेतकऱ्याचे भात व सोलापूरच्या शेतकऱ्याचे पीक यांत उघडपणे व्हावा.

तोवर जे आज करता येण्यासारखे आहे ते करावे. दुसऱ्या दिवशी पाणी सोडण्याची वेळ आदल्या संध्याकाळी काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. पाणी एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने वाढवावे व त्याआधी भोंगा वाजावा. तलाव उतरल्यावर तास कमी करावयाचे झाल्यास ते कालव्याच्या पाळीशी जुळवून करावेत. तराफेवाल्यांसही या बोलण्यात घ्यावे; नदी रोज डोळ्यांखालून घालणारे लोक आहेत, पातळीची नोंद त्यांच्याइतकी नियमित क्वचितच कोणी ठेवीत असेल. उन्हाळी हंगामाच्या पाळ्या ठरविण्यास कालवा सल्लागार समिती बसेल, तेव्हा रोहे व माणगाव तालुक्यांतील आमच्या सभासदांनी तीत हा विषय मांडावा, आणि पाळीपत्रकातच नदीत पाणी सोडण्याच्या वेळा छापून मागाव्यात.